मोहरबंद कोठीतले क्राऊन-पिनियन

फेब्रुवारी १९५९ मध्ये, उमरग्याच्या अलीकडे सोलापूर-हैदराबाद सडकेवरच्या एका गावात, बंद पडलेल्या मोटार-एजन्सीच्या मागच्या कोठीत मोटारीचे न वापरलेले सुटे भाग आढळले. माझ्या मामांच्या मोटारीला हवे असलेले क्राऊन-पिनियन त्यांत होते. कोठीच्या कुलपावर सरकारी मोहर होती. ज्या खात्याने ती लावली होती ते खाते काही वर्षांपूर्वीच बंद झाले होते.

मामांची मोटार येडशी स्टेशनावर उभी असे. उस्मानाबाद शहरात तेव्हा रेल्वे नव्हती. आगगाडीने येणारा माणूस येडशीला उतरे आणि तिथून एस.टी. धरी, नाहीतर मामांच्या गाडीत बसे. वकील आणि त्यांच्या मागून कागदांची पिशवी घेतलेले अशील, दवाखान्यात न्यायचे रोगी, माहेरपणाला आलेल्या लेकी, श्रावणात रामलिंगाला जाणारी माणसे, असे गिऱ्हाईक होते. मोटार युद्धाच्या आधीची, इंग्रजी बनावटीची होती. मामा मुळात एका जहागीरदाराकडे ड्रायव्हर होते. जहागिरी गेल्यावर त्या घरातल्या बऱ्याच वस्तू विकल्या गेल्या, त्यात मामांनी ही मोटार घेतली. इतर काही त्यांनी घेतले नाही.

जानेवारीत रामलिंगाच्या चढावर मोटारीच्या मागच्या बाजूने आवाज आला आणि गाडी थांबली. इंजिन चालू होते, चाके फिरत नव्हती. मिस्त्रीने मागचा आस उघडला. इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवणारे एक मोठे दातेरी चक्र तिथे असते आणि त्याला जोडीचे एक छोटे चक्र असते. दोन्हींना मिळून मिस्त्री क्राऊन-पिनियन म्हणतात. मोठ्या चक्राचे तीन दाते उडाले होते. सोलापुरात त्या जागी लोखंड भरून ते कानशीने घासून घेतले. दुसऱ्या दिवशी भरलेले दातेही गेले. सोलापूर आणि पुण्याच्या दुकानांत हा भाग नव्हता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पत्राचे उत्तर दिले की, या गाडीचा माल येणे केव्हाच थांबले आहे, शोधण्यात वेळ घालवू नये.

मामांपाशी वेळ थोडाच होता. परिवहन खात्याचे पत्र त्यांना आले होते. मोटार मेअखेरपर्यंत चालत्या स्थितीत पासिंगला आणावी. न आणल्यास टॅक्सीचे परमिट रद्द होईल आणि यादीतल्या पुढच्या अर्जदाराला मिळेल. मामांना शेत नव्हते. दुसरा धंदा येत नव्हता.

एजन्सीची माहिती त्यांना एका ट्रक ड्रायव्हरकडून मिळाली. मी त्या काळी उस्मानाबादेहून सोलापूरच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. अर्ज लिहायचे काम निघाले की मामा मला बरोबर नेत. तुटलेले चक्र त्यांनी पोत्यात घातले आणि आम्ही एस.टी.ने गेलो.

एजन्सीचा पुढचा भाग मोठा, काचेच्या दारांचा होता. पूर्वी तिथे विकायची नवी मोटार उभी करत. आता तो एका व्यापाऱ्याने भाड्याने घेतला होता आणि सरकीची पोती तिथे छपराला लागली होती. पोत्यांची राखण एजन्सीचे जुने मुनशी करत. साठीच्या पुढचे होते. एजन्सीच्या वेळा त्यांनी बदलल्या नव्हत्या, नऊला दार उघडत आणि पाचला लावत. मधल्या वेळात गल्ल्याच्या मागे बसून राहत.

मामांनी गाडीचे नाव सांगितले. मुनशींनी विचारले, "रंग कोन्ता?"

"हिरवा."

"मग जहागीरदारसाहेबांची ती. डिलिव्हरी म्याच दिली होती. हॉर्न वाजतो का अजून?"

"हॉर्नच तेवढा वाजतोय, चाचा. बाकी समदं थांबलंय."

मुनशी हसले आणि त्यांनी कपाटातून मालाची वही काढली. वही उर्दूत होती. मामांनी पोत्यातले चक्र बाहेर काढून फडक्याने पुसले आणि त्यावर ठोकलेला नंबर मी मोठ्याने वाचला. मुनशींनी वहीत बोट ठेवून तोच नंबर पुन्हा वाचून दाखवला.

"एक जोड हाय," ते म्हणाले. "आतमंदी."

कोठी मागच्या अंगणात होती. दाराशेजारी गजांची खिडकी होती. तिच्यातून आत पाहिले तर दोन भिंतींना लाकडी मांडण्या होत्या. मडगार्ड जमिनीवर उभे करून ठेवले होते. पंख्याचे पट्टे खुंटीवर वाळून वाकडे झाले होते. दिव्यांच्या कड्या तपकिरी कागदात होत्या. खिडकीसमोरच्या मांडणीवर, कमरेच्या उंचीला, एक चौकोनी लाकडी पेटी होती आणि तिचे झाकण काढून बाजूला ठेवलेले होते. आत मेणकागदात गुंडाळलेले चक्र होते. कागद एका कडेला फाटला होता. त्यातून चार-पाच दाते दिसत होते, त्यावर कारखान्याचे ग्रीस होते आणि गंज नव्हता. नंबराची चिठ्ठी तारेने बांधलेली होती.

"उघडा की मग," मामा म्हणाले.

मुनशींनी दाराकडे बोट केले. कुलपाभोवती कापड गुंडाळून शिवलेले होते आणि शिवणीवर लाखेची मोहर होती. त्यांनी सांगितले ते असे. निजामी राज्यात बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेतली जाई. तिला करोडगिरी म्हणत. हा माल शेवटच्या वर्षांत आला तेव्हा जकातीचा दर किती यावरून करोडगिरीचा अंमलदार आणि एजन्सीचे मालक यांच्यात वाद झाला. निकाल लागेपर्यंत माल कोठीत ठेवून मोहर करण्यात आली. माल सांभाळण्याची हमी, म्हणजे सुपुर्दनामा, मुनशींनी लिहून दिला. निकाल लागण्याच्या आत पोलीस अॅक्शन झाली. मालक हैदराबादेला गेले. पुढे करोडगिरीही गेली. निकाल आला नाही.

"खातंच ऱ्हायलं न्हाय की आता," मामा म्हणाले.

"खातं न्हाय. पन सही हाय ना माझी."

"कोन विचारनार हाय तुमाला?"

"विचारलंय एकदा." मुनशी आवाज न चढवता बोलत होते. याच मालकाच्या धान्याच्या वखारीची किल्लीही त्यांच्याकडे असे. पोलीस अॅक्शननंतरच्या दिवसांत वखारीचे कुलूप कोणीतरी फोडले. किल्ली मुनशींपाशी सापडली म्हणून त्यांना बावीस दिवस कोठडीत ठेवले. नंतर सोडले. लेखी काही दिले नाही. "तवापासनं मी कुठल्या कुलपाला आपनहून हात लावत न्हाय. कागद आना. मोहर माझ्यासमोर तोडा. नक्को कोन म्हनतंय?"

"लाख वाळून गेलीय, चाचा. उंदरानं तोडली म्हना."

"मग उंदराची सही आना."

मामांनी गजांतून हात घातला. खांद्यापर्यंत गेला. बोटे आणि पेटी यांत वीतभर अंतर राहिले. हात पोचला असता तरी उपयोग नव्हता, चक्र दोन गजांमधल्या फटीपेक्षा रुंद होते आणि हे त्यांनाही दिसत होते. हात त्यांनी बराच वेळ तसाच ठेवला. मुनशींनी चहा मागवला. मामांनी तो प्याला नाही.

मार्च आणि एप्रिल कचेऱ्यांत गेले. त्यांची नावे देण्याची गरज नाही. पहिल्या कचेरीने सांगितले की जकातीचा विषय केंद्राकडे गेला. केंद्राच्या कचेरीने सांगितले की आमच्याकडे फक्त चालू खाती आली, बंद खाती आली नाहीत. दप्तर हैदराबादेत असावे असे तिसरीकडे कळले. हैदराबाद तोवर आंध्र प्रदेशात होते आणि आम्ही मुंबई राज्यात. तिथे पत्र लिहिले. दोन आठवड्यांनी इंग्रजीत उत्तर आले की, मराठवाड्याच्या जिल्ह्यांचे कागद वेगळे काढून औरंगाबादेला पाठवले आहेत. औरंगाबादेहून उत्तर आले की कागद मिळाले, त्यात करोडगिरीचे नाहीत. प्रत्येक ठिकाणी मामा पोते घेऊन जात. साहेबाने विचारले तर दाखवता यावे म्हणून चक्र बरोबर असे. विचारले कोणी नाही. एका शिपायाने मात्र पोत्यात भुईमूग आहे का असे विचारले.

येडशीला गाडी यायच्या वेळी मामा स्टेशनावर जातच होते. मोटार बाजूच्या लिंबाखाली उभी होती. ओळखीचे उतारू विचारत, "आज न्हाय का निघायचं?"

"तुमी ढकलनार असाल तर निघू," मामा म्हणत. एप्रिलमध्ये हे त्यांनी म्हणायचे सोडले. नंतर ते नुसतीच मान हलवत.

एप्रिलच्या शेवटी एका कचेरीत अव्वल कारकुनाने आमचा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तोपर्यंत तसे कोणी केले नव्हते. त्याने मला तीन प्रश्न विचारले. मालाचे मालक कुठे आहेत? वारस आहेत का? माल ज्या खात्याच्या मोहरेखाली आहे, त्या खात्याचे काम आता कोणाकडे आहे?

मी उत्तरे जमवली. मालक वारले होते. वारस हैदराबादेत होते. जुनी जकात आता आपल्याकडून वसूल होईल या भीतीने त्यांनी लेखी कळवले की, या मालावर आमचा काही हक्क नाही आणि पुन्हा विचारू नये. खात्याचे काम कोणाकडे नाही हे सांगणारी पाच पत्रे माझ्याकडे होतीच. सगळे कागद क्रमाने लावून मी अव्वल कारकुनापुढे ठेवले.

"मग हा माल बेवारस झाला," तो म्हणाला. "बेवारस मालाची तरतूद आहे आमच्याकडं."

"म्हंजी मोहर तुटंल?" मामांनी विचारले.

"तुटेल. पंचांसमोर."

"कवा?"

"अर्ज नीट लिहून द्या. पंधरा दिवसांत."

तिथेच बाकावर बसून मी नवा अर्ज लिहिला. त्यात चार वाक्ये होती. मालक मयत आहेत. वारसांनी हक्क सोडला आहे. संबंधित खाते अस्तित्वात नाही. सबब सदर माल बेवारस ठरवून कोठी उघडण्यात यावी. चारही वाक्यांना कागदाचा आधार होता. मामांनी अंगठ्याशेजारी सही केली, दोन्ही असलेले बरे म्हणून. कचेरीसमोरच्या हॉटेलात त्या दिवशी त्यांनी भजी मागवली. तीन महिन्यांत मी त्यांना बाहेर खाताना पाहिले ते तेवढेच.

कोठी उघडल्यावर मालाचे काय होणार, हे मी अव्वल कारकुनाला विचारले नव्हते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पंचनामा झाला. अव्वल कारकून, दोन पंच, मुनशी, मामा आणि मी असे हजर होतो. कापड कात्रीने कापले. लाख भुगा होऊन उंबऱ्यावर पडली. किल्ली मुनशींनी दिली आणि कुलूप अव्वल कारकुनाने स्वतः काढले. मामा सरळ मांडणीकडे गेले. पेटी उचलून त्यांनी बाहेर अंगणात आणली, मेणकागद सोडला आणि पोत्यातले चक्र काढून दोन्ही एकावर एक ठेवली. कड बरोबर जुळली. मग त्यांनी दाते मोजले, दोनदा. छोटे चक्र पेटीच्या तळाला वेगळ्या कागदात होते. ते त्यांनी मोठ्याला लावून हाताने फिरवले. दाते दात्यांत बसत होते आणि आवाज येत नव्हता.

"हेच हाय," ते म्हणाले.

अव्वल कारकून यादी करत होता. "खाली ठेवा ते," तो म्हणाला. "एकोणीस नंबर."

"म्या घेऊन जातो न्हवं?"

"कसं नेणार? माल सरकारजमा झाला. यादी होईल, महिन्याची नोटीस लागेल, मग लिलाव. लिलावात घ्या की."

"साहेब, म्या फकस्त हे एक मागितलं हुतं."

"अर्जात तसं नाही." त्याने अर्ज काढून दाखवला. "माल बेवारस ठरवून कोठी उघडावी, एवढंच आहे. कोठी उघडली."

मी म्हणालो की नोटिशीच्या महिन्यात परमिटची मुदत संपते. त्याने ऐकून घेतले. तो उर्मट नव्हता. म्हणाला, "वारसांकडून 'हा एक भाग आम्ही यांना देतो' असं लिहून आणलं असतं, तर मला अडचण नव्हती. तुम्ही हक्क नाही असं लिहून आणलंत."

"हे आधी सांगायचं होतं."

"तुम्ही विचारलं नाही."

मामांनी चक्र परत कागदात गुंडाळले. तार होती तशी पिळून चिठ्ठी बांधली. पेटी मांडणीवर नेऊन ठेवली, तीही पूर्वीच्याच जागी. कोठीला कचेरीचे कुलूप लागले, नवे कापड आणि नवी लाख लागली. मुनशींनी विचारले की आता हमी कोणाची. कचेरीची, असे उत्तर मिळाले. त्यांनी तसे लिहून मागितले. पावती मिळाली तेव्हा ती त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावली, मग घडी करून आतल्या खिशात ठेवली. त्या दिवशी त्यांनी पाचची वाट पाहिली नाही. तीनलाच दार लावून ते घरी गेले.

एस.टी.च्या थांब्यावर मामांनी पोते खाली ठेवले. मग म्हणाले, "तुझं लिहिनं लई सरळ अस्तंय म्हन. पेपरवाले खूश अस्त्यात."

मी म्हणालो, अर्जातले एकही वाक्य खोटे नव्हते.

"व्हय. त्या खऱ्या वाक्यांवरच आडवलंय आता." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मुनशी बरा हुता. त्याच्याकडं हुतं तवर खिडकीतनं दिसत तरी हुतं."

मुदत वाढवून मिळावी म्हणून मी परिवहन खात्याकडे अर्ज केला. उत्तर मुदतीच्या आत आले: वाढ देण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही. मेच्या शेवटच्या पासिंगला मामांनी मोटार बैलजोडीने ओढत नेली. येडशीहून उस्मानाबादेला पोचायला पहाटेपासून दुपार झाली. मैदानावर बैल सोडून त्यांनी इंजिन सुरू केले. पहिल्याच खेपेला सुरू झाले. निरीक्षक गाडीभोवती फिरला, ब्रेक पाहिला, दिवे पाहिले, टायर दाबून पाहिले.

"आता दहा पावलं पुढं घ्या," तो म्हणाला.

"ती येत न्हाय, साहेब. सामान सरकारच्या कोठीत हाय." मामांनी पंचनाम्याची नक्कल पुढे केली. निरीक्षकाने ती वाचली.

"सामान चांगलंय म्हणता?"

"नवं कोरं हाय. हातानं फिरवून बघितलंय म्या."

"मग ते बसवून आणा."

"कवापतूर?"

निरीक्षकाला कॅलेंडर पाहायची गरज नव्हती. त्याने फॉर्मवर लिहिले, 'वाहन स्वशक्तीने चालत नाही.' खाली सही केली आणि नक्कल मामांना परत दिली. मोटार बैलांनीच परत नेली. जून लागल्यावर परमिट रद्द झाल्याचे पत्र आले. येडशी स्टेशनाचे परमिट यादीतल्या पुढच्या अर्जदाराला मिळाले. त्याची गाडी तीन वर्षांपूर्वीची होती.

लिलाव जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाला. माल सुटा विकायचा तर प्रत्येक नगाची किंमत ठरवावी लागते. ती ठरवणारा माणूस कचेरीकडे नव्हता, म्हणून सगळी कोठी एकाच बोलीत काढली. बोलणारे तिघे होते आणि तिघेही भंगारवाले. मामा मागे उभे राहिले. त्यांनी बोली केली नाही. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने माल घेतला. मामांनी त्याला तिथेच गाठले.

"एकोणीस नंबरची पेटी तेवढी मला द्या."

"मामू, आता ट्रक भरू दे. आठ दिवसांनी या गोदामात. कुठं पळून जातंय का लोखंड?"

आठ दिवसांनी मामा सोलापूरला गेले. माल निवडला गेला नव्हता. पुन्हा गेले. पत्रा वेगळा झाला होता, पोलाद व्हायचे होते. तिसऱ्या खेपेला व्यापाऱ्याने त्यांनाच ढिगाऱ्यात शोधायला सांगितले. मोठे चक्र अर्ध्या तासात मिळाले. मेणकागद आणि चिठ्ठी नव्हती, नंबर चक्रावरच होता. छोटे चक्र ढिगाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, नटबोल्टांच्या डब्यात निघाले. ते सापडायला दोन दिवस लागले. रात्री ते स्टेशनावर झोपत. व्यापाऱ्याने दोन्ही चक्रे लोखंडाच्या भावाने वजन करून दिली आणि मामांनी डोक्याला बांधायला मागितलेले फडके फुकट दिले.

मिस्त्रीने जुलैच्या शेवटी क्राऊन-पिनियन बसवले. पहिल्या दिवशी मामा येडशीपासून रामलिंगाच्या चढावर गेले आणि परत आले. मी बरोबर होतो. गाडीत तिसरे कोणी नव्हते, कारण परमिटशिवाय उतारू घेता येत नाहीत. चढावर मामांनी एकदाही गिअर बदलला नाही.

ऑगस्टमध्ये मोटार पासिंगला नेली. निरीक्षक तोच होता. त्याने गाडी मैदानाभोवती स्वतः चालवून पाहिली आणि फॉर्मवर 'वाहन सुस्थितीत' असे लिहिले. त्याच दिवशी मामांनी नव्या परमिटसाठी अर्ज दिला. अर्ज मीच लिहिला होता, मामांनी तो दुसऱ्या एका माणसाकडून वाचून घेतला. सप्टेंबरात प्रतीक्षायादी कचेरीच्या फळ्यावर लागली. मामांचे नाव सातवे होते.